ड्युलसीचे बत्तीस सेकंद

"बत्तीस सेकंद जास्त होतायत, सिरिल," जॅनीन घड्याळाची कळ दाबत म्हणाली. "काहीतरी उडवावं लागेल."

तिच्या कंपनीला नाताळाच्या आत न्यू वेव्ह आणि डान्स गाण्यांच्या रिमिक्सचा संग्रह दुकानांत हवा होता. एका बाजूला पाच गाणी कोंबली होती, आणि त्याहून जास्त कोरायला गेलं की रेकॉर्डचा आवाज मरतो. सोहो भागातल्या त्या तळघरात सिरिल चौतीस वर्षं हेच काम करत होता. फितीवरचं गाणं तापलेल्या सुईने काळ्या चकतीवर उतरवायचं, आणि त्याआधी फितीत काटछाट लागली तर ब्लेडने करायची.

जॅनीनने चौथं गाणं निवडलं. त्यात मध्ये नुसता ठेका चालतो आणि कुणी बाई गुणगुणते, तेवढंच काढा, कुणाच्या लक्षातही यायचं नाही, असं तिचं म्हणणं.

ती बाई म्हणजे ड्युलसी, सिरिलची बायको. फेब्रुवारीत गेली. तीन वर्षांपूर्वी ती त्याचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती. वरच्या स्टुडिओत ठरलेली गायिका उगवलीच नव्हती, म्हणून हिलाच माइकसमोर उभं केलं. इस्पितळाच्या उपाहारगृहात चहा ओतणारी बाई, चर्चमध्ये गायची तेवढीच, पण गायली मोकळ्या गळ्याने. मोबदला म्हणून केक मिळाला. ते गाणं तेव्हा साफ आपटलं. आता संग्रहात येतंय म्हटल्यावर सिरिलने मेहुणीला, एनिडला, कळवलं होतं, आणि तिने दुकानात दोन प्रती सांगूनही ठेवल्या होत्या.

प्रत्येक गाण्यातून थोडं थोडं काढलं तर, असं त्याने विचारून पाहिलं. तुम्ही म्हणाल तसं, जॅनीन म्हणाली. बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग तो बाकीची चार गाणी ऐकत बसला. एकात गाण्याआधी कुणीतरी खोल श्वास घेत होतं. दुसऱ्यात मागे कुणी हसल्यासारखं वाटत होतं. तीही माणसं कुणाची तरी असणार, या विचाराने त्याचा हात अडला. आपल्या माणसापायी दुसऱ्याचं कापायचं, हे त्याला जमेना.

त्याने चौथं गाणं चढवलं आणि कापायची जागा सापडावी म्हणून रिळं हाताने मागेपुढे फिरवू लागला. ड्युलसीचा आवाज पाण्याखालून यावा तसा जड, संथ झाला. मागे गेला, पुढे आला. खोलीतल्या दिव्याचा लाल उजेड, फितीची सळसळ आणि ती. जागा कधीच सापडली होती, तरी तो फिरवत राहिला. केवढा काटेकोर माणूस, असं जॅनीनला वाटलं.

मग त्याने पिवळ्या पेन्सिलीने खुणा केल्या, तिरका काप घेतला, टोकं चिकटवली. कापलेली फीत सवयीने गळ्यात टाकली. काम मंजूर होईपर्यंत तुकडा गळ्यातच ठेवायची त्याची पद्धत होती.

"जोड कुठेय तेच कळत नाही," जॅनीन म्हणाली.

"कळला तर मला कशाला ठेवलंय, पोरी?"

चकती कोरून झाली. लेबलाजवळ जे रिकामं कडं उरतं, त्यात कोरणारा आपली अक्षरं ओरखडतो, आणि मग प्रत्येक प्रतीवर ती उमटतात. सिरिलने आजवर स्वतःची दोन आद्याक्षरं सोडून काही लिहिलं नव्हतं. आज तो बराच वेळ वाकून होता. जॅनीनने डोकावून वाचलं आणि ड्युलसी कोण म्हणून विचारलं.

"गायिका होती," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी येऊन त्याने कोट काढला तेव्हा फीत गळ्यातच होती. ती वाजवायला घरात यंत्र नव्हतं. तेवढ्यात एनिडचा फोन आला. झाली का रेकॉर्ड? आणि आपली ड्युलसी त्यात कुठे येते?

"अगदी शेवटी," सिरिल म्हणाला. "गाणी संपल्यावर. पण ऐकू नाही यायची, एनिड. दिव्याखाली जरा तिरकी धरून बघ."

सिरिल रिसीव्हर कानाशी धरून, दुसऱ्या हाताने गळ्यातली फीत बोटांमधून हळूहळू मागेपुढे करत उभा राहिला.