भिकाजीचं डबकं

आमच्या शितपांच्या घरात महिपतबाबांबद्दल कुणाला काही विचारू नये, कारण प्रत्येकाला सगळं माहीत असतं. मी विचारलं आणि डोक्याला ताप करून घेतला.

महिपतबाबा म्हणजे माझे पणजोबा. पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या वर जो उघडाबोडका कातळ होता, त्यावर पहिलं हापूसचं कलम त्यांनी लावलं. आज तिथे आमची बाग आहे आणि निम्मी वाडी तिच्यावर जगते. यंदा आप्पाकाकांनी, म्हणजे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने, ठरवलं की बागेच्या तोंडाशी कमान बांधायची आणि तिच्यावर मूळपुरुषाचा इतिहास कोरलेली पाटी लावायची. इतिहास लिहायचा कोणी? तर शमिकाने, म्हणजे मी. का, तर शमिका मिरजोळ्याला कंपनीत कॉम्प्युटरवर बसते. मी तिथे कोळंबीच्या गाड्यांचे गेटपास करते, पण हे सांगून काही उपयोग नव्हता.

सुट्टीचे दिवस घालवून मी घरोघर फिरले. एकाने सांगितलं, बाबांनी पहारीने वाघ मारला. शेजारच्याने सांगितलं, वाघ नव्हता, तरस होता, आणि मारला नाही, हाकलला. मुंबईहून ओमकारदादाने फोनवर ठासून सांगितलं की बाबा आधी बोटीवर खलाशी होते. मागून त्याची बायको म्हणाली, अहो, ते माझे आजोबा. मी कपाळावर हात मारून घेतला.

कातळावर बाग कशी झाली हे मात्र सगळ्यांना पाठ. सुरुंग लावून खड्डे पाडले, खड्ड्यांत माती भरली, मातीत कलमं लावली. मी विचारलं, माती कुठून आणली? वर तर नुसता दगड. त्यावर सगळे माझ्याकडे असे बघायचे की पोरीचं डोकं फिरलं. आणली असेल कुठून तरी, मातीला काय तोटा, असं म्हणून पुन्हा वाघाकडे वळायचे.

बाबांना एक धाकटा भाऊ होता, भिकाजी. वाटणीत थोरल्याला कातळ आला आणि धाकट्याला खाडीकाठचा मळा, भाताची सगळ्यात चांगली जमीन. थोरल्याने कातळाचं सोनं केलं आणि धाकट्याने सोन्यासारख्या मळ्याचं डबकं केलं, अशी आमच्याकडची गोष्ट. मळा आता खोलगट आहे, त्यात बारा महिने पाणी असतं, म्हशी डुंबतात. घरातलं कोणी उशिरा उठलं की म्हणतात, भिकाजीवर गेलाय. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू.

भिकाजींची नात राहीआत्या त्या डबक्याच्या काठालाच एकटी राहते. तिच्याकडे मी सगळ्यात शेवटी गेले. ती अंगणात मासे साफ करत बसली होती. वाघाबिघाचं तिने काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "पाटीवर काय पायजे ते लिव. आप्पाला फक्त सांग, गाऱ्हाण्यात एकदा माझ्या आज्याचं नाव घे. मी हाय तवर."

वर्षातून एकदा आम्ही बागेत, बाग सांभाळणाऱ्या राखणदार देवाला, राखण देतो. पहिल्या कलमाखाली कोंबडा आणि नारळ ठेवून आप्पा गाऱ्हाणं घालतात. एकेका पूर्वजाचं नाव घेऊन बागेसाठी, पोराबाळांसाठी मागायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या पुरुषांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. व्हय मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. त्यात भिकाजींचं नाव कधीच नसतं. ते "आणि बाकी जे कोण असतील ते" यात धरलेले. राहीआत्या लहानपणापासून हे मागे उभी राहून ऐकत आली आहे.

मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, आळशाचं नाव घेतलं तर राखणदार बागेवर रागवेल. मी म्हटलं, राखणदाराने तुम्हाला तसं कळवलंय का? त्यावर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. आप्पांचं हे असंच. बोलणं आवडलं नाही की माणूस पेपरामागे जातो.

राखणीच्या आदल्या दिवशी कमानीच्या पायासाठी जेसीबी आला. आप्पांना फोटोत कमानीबरोबर पहिलं कलमही हवं होतं, म्हणून खड्डा कलमाला अगदी खेटून. मी सांगत होते की मुळं तुटतील. पण ऐकतंय कोण? जेसीबीने दगडाची कड उचकटली, कलमाच्या जुन्या खड्ड्याची बाजू ढासळली आणि आतली माती भसकन बाहेर आली.

काळी माती. आमच्याकडे वर जिथे तिथे तांबडं. मी मूठभर उचलली तर हाताला चिकटली, आणि तिच्यात खुब्याचं कवच होतं. खाडीच्या चिखलात मिळतो तो खुबा, इथे कातळाच्या डोक्यावर. उकरत गेले तर आणखी निघाले. अशी काळी, खुब्यांनी भरलेली माती आमच्या हद्दीत एकाच जागी आहे. मी उभी राहून खाली बघितलं. खाली ते डबकं, आणि वर एवढे सगळे खड्डे भरलेले. भिकाजींनी मळा बुडवला नव्हता. त्यांचा मळा टोपल्यांतून वर आला होता आणि आम्ही त्याचेच आंबे खात होतो.

आप्पांना दाखवलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही, त्यांचं तोंडच उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, म्हणजे बाबांनी सख्ख्या भावाची माती चोरली असं लोक म्हणणार. उद्या पाव्हणे येतायत, हे सगळं आधी बुजव. आणि जेसीबीवाल्याला हात करायला लागले. मला संताप आला. आपल्या माणसांनी शंभर वर्षं दुसऱ्याला आळशी म्हटलं ते चालतं, पण आपल्यावर आळ यायला नको.

तेवढ्यात राहीआत्या धापा टाकत वर आली. कुणी तिला सांगितलं कोण जाणे. ती सरळ खड्ड्याशी गेली, माती हातात घेतली, चुरगाळली, वास घेतला. मग तिने वर कलमाकडे बघितलं.

"टोपलीभर माती चोरता येते, आप्पा," ती म्हणाली. "आख्खा मळा कोण चोरून नेणार? माझा आजा तर दारात बसलेला असायचा. त्याने दिला."

जेसीबीवाल्याला केलेला हात आप्पांनी खाली घेतला. आत्या मातीतलं एक खुब्याचं कवच पदराला बांधून खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी राखण. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, कोंबडा धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ग्रामदेवतेला, राखणदाराला, महिपतबाबांना, एकेक नाव घेतलं आणि प्रत्येकाला दणकून व्हय मिळालं. मग आप्पा म्हणाले, "आणि बाकी जे कोण असतील ते..." आणि थांबले, कारण तिथे व्हय यायला हवं.

आलं नाही. दरवर्षी सगळ्यात मोठ्याने ओरडणारा वाडीतला बाबू स्वतःच्या पायांकडे बघत होता. आप्पा खाकरले आणि तेच पुन्हा म्हणाले. कोणी तोंड उघडलं नाही. कोंबडा हातात फडफडायला लागला. आप्पांनी डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मी कुणाला काही शिकवलं नव्हतं. रात्री फक्त बाबूच्या बायकोला त्या मातीचं सांगितलं होतं, आणि तिला सांगणं म्हणजे वाडीला सांगणं.

आप्पांनी मान खाली घातली. इथे काही पेपर नव्हता. मग कलमाकडे बघत, हळू आवाजात ते म्हणाले, "आणि महिपतीचा भाऊ भिकाजी. त्याच्या मातीवर ही बाग उभी हाय. त्याने लेकराबाळांवर नजर ठेवावी."

पुरुष व्हय म्हणणार, त्याआधी मागून आवाज आला. "व्हय म्हाराजा."

राहीआत्या होती. गाऱ्हाण्याला बायकांनी व्हय म्हणायची आमच्यात पद्धत नाही. पण कोणी मागे वळून बघितलं नाही, आणि पुरुषांपैकी कोणी तिच्यावर दुसरं व्हय म्हटलं नाही. तिचं एकटीचं धरून आप्पांनी गाऱ्हाणं पुढे नेलं.