मागच्या दाराची खूण

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एडिटिंगच्या खोलीत थोरलीचे हात पडद्यावरून नाहीसे झाले. उरला नुसता चेहरा.

चित्रपट भयपट होता, माणसांची मनं ताब्यात घेणाऱ्या एका पंथाचा. त्यातल्या बहिऱ्या मुलीचं काम थोरलीने केलं होतं. ती स्वतः बहिरी आहे, याचा दिग्दर्शकाला कोण अभिमान! प्रत्येक मुलाखतीत तो हे आवर्जून सांगे. ती तशाच एका पंथाच्या वस्तीत वाढली, हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"डोळे बघ," दिग्दर्शक म्हणाला. "काय भीती आहे! ट्रेलरचा शेवट हाच." शेजारी बसलेल्या दुभाषी ताईंनी ते खुणांनी तिला सांगितलं.

"मी तिथे बोलतेय," थोरलीने हातांनी उत्तर दिलं. "हात कापले म्हणजे माझं तोंडच बंद केलंत."

"अगं, पटकथेत 'मुलगी घाबरून हात हलवते' एवढंच आहे."

दुभाष्याने पदरचं काही घालायचं नसतं, पण ताईंना राहवलं नाही. "सगळ्यांना सांगत फिरता, खरी बहिरी मुलगी घेतली म्हणून. घेतलीत, पण मानेच्या वरचीच!"

एडिटर फिस्सकन हसला. दिग्दर्शक हसला नाही.

"पण तू म्हणत काय होतीस?" एडिटरने विचारलं आणि मूळ दृश्य पुन्हा लावलं. ताईंनी निरखून पाहिलं. "ही खूण मला नाही येत बाई."

"शिव्या देत होते," थोरलीने सांगून टाकलं.

ती खूण जगात दोघींनाच येत होती. वस्तीत खुणांना बंदी. बहिऱ्या मुलांनी हात मांडीखाली दाबून बसायचं. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी, दोघी बहिऱ्या, भांडी घासताना साबणाच्या फेसाआड बोलायच्या. डाव्या तळहातावरून दोन बोटं सावकाश बाहेर सरकवली, की 'मागचं दार उघडं आहे.' सतराव्या वर्षी थोरली त्याच दाराने निघून गेली. धाकटी नऊ वर्षांची होती, गाढ झोपलेली. तिला उठवायचा धीर झाला नाही. त्याला अकरा वर्षं झाली.

दर गुरुवारी वस्तीची भाजीची गाडी बाजारचौकात येते. राखणदार पुढे, चालकाशेजारी. मुली, त्यांत धाकटीही, मागे टोपल्यांच्या मधे बसलेल्या, तोंड चौकातल्या मोठ्या पडद्याकडे. मागच्या वर्षी थोरली नुसती गाडीजवळ गेली, तर सहा आठवडे गाडीच आली नाही. चौकातल्या पडद्याला आवाज नसतो. गुरुवारी दहा वाजता ट्रेलर तिथे लागणार होता.

नुसता घाबरलेला चेहरा दिसला तर धाकटीला वाटेल, बाहेर भीतीच आहे. वस्तीत शिकवतात ते तेच.

खरं सांगावं, तर दिग्दर्शकाने ते पुढच्याच मुलाखतीत वापरलं असतं, आणि गाडी पुन्हा कधी आली नसती. म्हणून ती एवढंच म्हणाली, "हात दाखवा. एवढं एक करा."

"बघू," दिग्दर्शक म्हणाला.

ताई गेल्यावर ती डबा घेऊन जिन्यात बसली. माणसं वरखाली करत होती. तिच्याशी बोलू शकेल असं त्या इमारतीत आता कुणी नव्हतं. डबा उघडायला गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपले दोन्ही हात मांडीखाली दाबलेले आहेत.

बुधवारी एडिटरचा मेसेज आला. 'दोन्ही प्रकारे कापून दिलंय. कुठलं पाठवलं ते मला सांगितलेलं नाही. शिव्या झकास होत्या.'

गुरुवारी ती चौकापलीकडच्या बसथांब्यामागे उभी राहिली. नऊ पन्नासला गाडी आली. मागे पाच जणी होत्या. टोकाच्या मुलीचे हात मांडीखाली होते, मान वर, नजर पडद्याकडे. पडद्यावर अजून साबणाची जाहिरात चालू होती.