स्प्रॉकेटला लावलेलं तेल

खंडेनवमीला हत्यारं पुसून, तेल लावून पुजायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्या माहेरी नांगराच्या फाळालासुद्धा तेल लागायचं.

त्या वर्षी, चौऱ्याहत्तर साली, हत्यारांबरोबर आमची सायकलही पूजेला होती. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फवारणी पंपाचं जुनं इंजिन तिच्यावर बसवलं होतं. फौजेतून आले ते गुडघा कायमचा ताठ होऊन, त्यामुळे पायडल मारता येत नव्हतं. तीन ठिकाणी पायाकडं बघून नकार मिळाल्यावर कुपवाडच्या एका कारखान्यात फिटरची जागा मिळाली होती. मालकानं बजावलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. कुपवाड नऊ मैल आणि आमच्या गावची पहिली एसटी नऊला. सगळी भिस्त त्या सायकलवर.

इंजिनाच्या चेनसाठी मागच्या चाकाला डाव्या बाजूनं दातेरी स्प्रॉकेट बसवायचं होतं. ह्यांनी सोप्यात सायकल उलटी उभी केली. ट्रकच्या टायरातून दोन चकत्या कापल्या. एक स्पोकांच्या आतून, एक बाहेरून, आणि रबराच्या पकडीनं त्या स्पोकांना घट्ट धरतील, घसरणार नाहीत अशा बेतानं स्प्रॉकेटसकट नऊ बोल्ट. तीन दिवस तेच चाललं होतं. चाक फिरवायचं, दात्यांजवळ काडी धरून डगमगतंय का बघायचं, सैल करून पुन्हा लावायचं. चहा गार झाला म्हटलं तर म्हणायचे, "असू दे गं. च्यापायी नोकरी घालवू व्हय?" असला हेकट माणूस.

अष्टमीला स्प्रॉकेट मध्यावर आलं. बोल्ट हातानंच लावून ठेवले होते. पक्के आवळायचे राहिले आणि नवमीला पाने, पकड, हातोडी सगळं पाटावर गेलं. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही.

हे रानात गेले तेव्हा मी सायकल पुसायला घेतली. एकेक स्पोक गोडेतेलानं चोळला. रबर पांढुरकं दिसत होतं, तेही काळंभोर केलं. चकत्यांच्या फटीत बोटानं तेल सोडलं. अगदी जीव ओतून केलं हो! झेंडूची माळ घातली आणि म्हटलं, माझ्या माणसाला एकदा कामावर पोचव.

हे परत आले, बघून हसले. "लय झळकतंय गं!" फौजेत गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाच्याही त्या आनंदात काही ध्यानात आलं नाही.

दसऱ्याला सोनं वाटून आल्यावर ह्यांनी बोल्ट आवळले. देवळाला फेरी मारली, सायकल भुर्रकन गेली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघाले.

तिसऱ्या प्रहरी आमचा शेजारी धोंडिराम भाजीच्या टेम्पोतून ह्यांना आणि सायकलीला घेऊन आला. चाकाचे निम्मे स्पोक तुटून लोंबत होते.

"वैनी, चौथ्या मैलाला स्प्रॉकेट स्पोकांवर घसरून जाग्यावरच फिरलं," धोंडिराम म्हणाला. "चेन चाकात घुसली. सायकल खांद्यावर घिऊन ह्यो त्या पायानं चालत गेला. साडेधाला पोचला. तवर तितं दुसरा उभा व्हता."

"बोल्ट कच्चा निघाला," हे मला म्हणाले.

जरा वेळानं मी परसात गेले. हे धुण्याच्या दगडापाशी बसून रबराच्या चकत्या राखेनं घासत होते. बादलीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग आला होता. मला बघितलं आणि चकती पटकन पाण्यात दाबली.

"आवं, म्या लावलेलं त्याल..."

"न्हाई गं. धूळ हाय."

एक शिवी दिली असती, हात उगारला असता, तर सोसलं असतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि दुसरी चकती घासायला घेतली.

"आता कशाला धुताय?" मी विचारलं.

त्यांनी बादलीतला तवंग हातानं बाजूला सारला. घासत राहिले.