शून्य मिलीमीटर

एकोणीस हात होते. अठरा पैलवानांचे आणि एक वस्तादांचा. प्रत्येक हातावर कोपराच्या चार बोटं खाली बॉलपेनाचं एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळात दोन दिवसांपूर्वी टोचलेल्या सुईची खूण. आरोग्य केंद्राच्या दीपालीनं सगळ्यांना तालमीच्या ओट्यावर हात ठेवून ओळीनं बसवलं, पारदर्शक पट्टी पुसली आणि यादी उघडली. यादीतलं विसावं नाव ऋषिराजचं. तीन आठवड्यांपूर्वी त्याला क्षय निघाला होता आणि तो उपचार घेत म्हसवडला घरी होता. तो ज्यांच्यात राहिला, झुंजला, निजला, ते सगळे आज तिच्यासमोर होते. जंतू कुणाकुणाच्या अंगात शिरलाय हे तिला शोधायचं होतं.

"ताई, माझा आदी बगा. भाकरीगत फुगलाय," विश्वजीत म्हणाला.

"सुपारीएवडा न्हाई, म्हनं भाकरी!" मागून कुणीतरी बोललं.

दीपालीनं पेन टेकवून बाहेरून मध्याकडे हळूहळू ओढलं. कातडीखाली घट्टपणा लागला की पेन आपोआप अडतं. तिथं रेघ संपवायची. समोरच्या बाजूनंही तसंच. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे उत्तर. लाली मोजायची नसते.

"बारा."

विश्वजीतनं कुस्ती मारल्यासारखा हात वर केला. पोरं ओरडली. पुढच्याचं शून्य आलं, तर शेजारच्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "ह्येच्या अंगात रगात न्हाई गड्या, ताक हाय ताक!"

तेव्हा दीपालीच्या ध्यानात आलं, की या दोन दिवसांत तालमीत एक नवीच स्पर्धा लागली आहे. ज्याचा फुगवटा मोठा, तो दमदार. वस्ताद जोतिबांचा सतरा भरला आणि एकसष्ट वर्षांचा तो माणूस मिशीतल्या मिशीत हसला.

"वस्ताद, हे बक्षीस नाही हो," ती म्हणाली. "ही पट्टी ताकद मोजत नाही, ओळख मोजते. जंतू श्वासातनं फुप्फुसात जातो. तिथल्या राखण करणाऱ्या पेशी त्याला गिळतात, पण पचवता येत नाही. मग दुसऱ्या पेशींना वर्दी जाते. त्यांना जमायला काही आठवडे लागतात. त्या येतात आणि सगळ्या मिळून त्याच्याभोवती कडं करतात. त्यातल्या काही त्याला कधीच विसरत नाहीत. मी टोचलं ते नुसतं त्याच्यासारखं एक प्रथिन. ओळखणाऱ्या पेशी असल्या तर तिथं गर्दी करतात. हा फुगवटा म्हणजे ती गर्दी."

"म्हंजी मारला का न्हाई त्येला?"

"बहुतेक वेळा मरत नाही. अडकून पडतो."

जोतिबांनी जरा विचार केला. "चितपट न्हाई. कब्जात धरलाय."

नोकरीच्या अकरा वर्षांत दीपालीनं हे कितीतरी घरांत समजावलं होतं. कधी पोलिसांचा दाखला दिला, कधी बंधाऱ्याचा. इतकं नेमकं तिला सुचलं नव्हतं. "अगदी बरोबर," ती म्हणाली. "खालचा मरत नाही आणि उठतही नाही. पण वरच्याचा जोर सरला की उठतो. म्हणून ज्यांना फुगवटा आलाय त्यांनी आठवड्यातून एकदा, बारा आठवडे गोळ्या घ्यायच्या. तुम्ही आजारी नाही. खालच्याला उठू द्यायचं नाही, एवढंच."

शेवटचा हात सम्मेदचा होता. एकवीस वर्षांचा, कवठे महांकाळकडचा. त्यानं पूर्ण बाहीचा सदरा घातला होता. बाही वर सारली आणि पोरं चाट पडली.

"आयला! बावीस तरी आसंल!"

दीपालीनं पेन ओढलं. ते कुठं अडेना. कातडी दुधावरच्या सायीसारखी हलली. कडेला काळसर डाग होता. तिची आई टाचांच्या भेगांना बिब्बा लावायची, तेव्हा उतलेल्या कातडीला अशीच कड यायची.

"बिब्बा कुणी लावला?"

पोरं खदखदली. जोतिबांनी नुसता पंजा वर केला आणि तालीम गप्प झाली.

"मीच," सम्मेद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "काल सांजच्यापातूर ठिपकासुदीक न्हवता, ताई. ऋषिराजच्या बाजूला मीच निजत हुतो. लांब निजनाऱ्यांना आलं आन् मला न्हाई. लाज वाटली."

ऋषिराजच्या शेजारी निजणारा, आणि शून्य. दीपालीनं पेन खाली ठेवलं. तीन वर्षांपूर्वी कुपवाडच्या एका कारखान्यातल्या पोराच्या नावापुढे तिनं असंच शून्य लिहिलं होतं. एका रुग्णाच्या खोलीत राहणारा, काटकुळा पोरगा. सुटला, असं मनात म्हणून तिनं समाधानानं सही केली होती. सात महिन्यांनी तो स्ट्रेचरवर आला तेव्हा अडतीस किलो होता. नंतर त्याचं नाव यादीतून कमी करावं लागलं.

तिनं फोडावर मलम लावलं, सम्मेदच्या उजव्या हातावर पुन्हा टोचलं आणि दोन दिवसांनी स्वतःच आली. शून्य. दरम्यान सगळ्यांचे एक्स-रे झाले होते आणि सगळे स्वच्छ होते, सम्मेदचाही. तिनं पिशवीतला वजनकाटा काढून त्याला उभं केलं. सत्तावन्न किलो चारशे. जोतिबांच्या वहीत जूनमधलं वजन सहासष्ट होतं.

"साडेआठ किलो कुठं गेलं?"

"सत्तावन्न किलो गटात उतरायचंय, ताई. पासष्टात ह्यो विश्वजीत हाय. त्येच्याफुडं माझी निवड हुणार न्हाई."

"जेवतोस कधी?"

"सकाळी अकराला. सांजची मेहनत सुटंस्तवर दिस मावळतुय. आमी जैन. रात्री खात न्हाई."

"व्हय, नेमाचं पोरगं हाय," जोतिबा कौतुकानं म्हणाले.

"मीपण जैनच आहे," दीपाली म्हणाली. "आमची आई साडेपाचला ताट वाढते. नेम उजेडी जेवायचा आहे रे, उपाशी राहायचा नाही."

सम्मेदनं मान खाली घातली. जोतिबांचं कौतुक चेहऱ्यावरच विरलं. अडीच महिने रात्रीच्या पंगतीत एक जागा रिकामी होती आणि ते त्या जागेला रोज मनातल्या मनात हात जोडत होते. पोरगं त्या नेमाच्या आड बसून वजन उतरवत होतं.

"आता ह्या शून्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," दीपाली म्हणाली. "जंतू शिरलाच नसेल, तर चांगलंच. शिरला असेल आणि पेशी अजून जमायच्या असतील. नाहीतर उपाशी अंगात जमायचं बळच नसेल. ते शून्य सगळ्यांत वाईट. त्याच्या आड जंतू उठला तरी कळत नाही. सहा आठवड्यांनी परत टोचते. तोवर याला खायला घाला. खोकला, ताप काही आलं तर त्याच दिवशी फोन करा."

जोतिबा उठले. "उद्यापास्नं मेहनत तीनला. सव्वापाचला ताटं. समद्यांची."

"वस्ताद, तीनला पत्रा लय तापतुय," विश्वजीत कुरकुरला.

"तापू दे. आन् निजायच्या खोलीची खिडकी काय दावायला ठिवलीया? उघडा ती." मग ते सम्मेदकडे वळले. "सत्तावन्न सोड. ज्या वजनात अंग उभं ऱ्हातंय, त्याच वजनात खेळायचं."

"आन् निवड?"

"फुडल्या वर्षी."

सम्मेदच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लाल मातीच्या हातानं पुसलं.

आश्विनातल्या उन्हात तालमीचा पत्रा तडतडत राहिला. सव्वापाचला एकोणीस ताटं पडू लागली. गोळ्यांच्या वाराला दीपाली स्कूटरवरून यायची आणि सम्मेदलाही काट्यावर चढवायची. साठ. बासष्ट आठशे. पासष्ट. चौथ्या आठवड्यात त्यानं विश्वजीतला सरावात उचलून टाकलं, आणि विश्वजीत धूळ झटकत ओरडला, "ताई, ह्येला खायाला घालायचं कुणी सांगितलं!"

सहा आठवडे भरल्यावर तिनं शून्य आलेल्या आठही जणांना पुन्हा टोचलं. दोन दिवसांनी आठ हात ओट्यावर आले. सात जणांचं शून्यच होतं. या वेळी त्यांना कुणी ताक म्हटलं नाही. उलट वस्तादांनी सातही जणांच्या पाठीवर थाप मारली.

आठवा हात सम्मेदचा. दोन दिवस त्यानं बाही वर केली नव्हती. दीपालीनंच ती दुमडली. कड काळी नव्हती. तिनं पेन टेकवलं आणि ओढलं. पेन अडलं. दुसऱ्या बाजूनं ओढलं, तिकडंही अडलं. तिनं बोटानं चाचपून बघितलं.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "आला रे. जमल्या पेशी सगळ्या."

"कब्जा?" जोतिबांनी विचारलं.

"कब्जा. एक्स-रे परवा पुन्हा काढलाय, स्वच्छ आहे. आता याच्याही गोळ्या आजपासून."

विश्वजीतनं पहिला शड्डू ठोकला. मग एकामागून एक बाकीच्यांनी ठोकले. पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि रस्त्यानं दुचाकीवरून कामाला निघालेले दोघे थांबून आत डोकावले. सम्मेद तेवढा शांत उभा होता, हात तसाच पुढं धरून. दीपालीनं पट्टी पुन्हा एकदा लावली, आकडा वाचला आणि यादीत लिहिलं.

सम्मेद, वय २१. वजन ६६.८ किलो. फुगवटा १४ मिलीमीटर.