खिडकीखालची भिंत

आमच्या सूनबाईचं डोकं फिरलं की ती ओरडत नाही, बाह्या सरसावते. लग्न झालं तेव्हा घरोघर लसी टोचत हिंडायची, आता अख्ख्या शहराची आरोग्यप्रमुख झालीय, पण खोड तीच!

कारखान्यामागच्या वस्तीसाठी भांडूनतंडून तिनं दवाखाना उभा केला, आणि तिथं काळं कुत्रं फिरकेना. शहराच्या आरोग्य कमिटीच्या अध्यक्षांनी साफ सांगितलं, "लोकांनाच नको असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः येऊन कुलूप लावतो." म्हणून शुक्रवारी गुडघा दाखवायला मीच गेले. म्हटलं, निदान एक तरी पेशंट दिसेल.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून हाक आली. बाहेर एक तरुण आई, कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू. सून धावली. गजांतून हात घालून लेकराला तपासलं, औषध दिलं.

"अगं, पुढून का नाही आलीस?"

"वस्ती इकडं, दार तिकडं! सगळ्या कारखान्याला वळसा घालायचा, वर पहारेकऱ्याची बोलणी खायची. तेवढ्यात मजुरी बुडते, बाई."

सून मटकन स्टुलावर बसली. "आई, दार मोठ्या रस्त्याला हवं असं कमिटीवाले म्हणाले आणि मी मान डोलावली. गाडीतून येते ना मी, मला कुठला वळसा कळणार! माती खाल्ली मी."

"खाल्लीस ना? मग आता विटा काढ," मी म्हटलं.

तिनं खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरसावल्या की बाह्या! खिडकीतल्या त्या आईला विचारलं, "गवंडी मिळेल का गं?"

"नवराच गवंडी आहे माझा!" ती म्हणाली.

तो घण घेऊनच आला. खिडकीखाली ठोकून म्हणाला, "वरचं लिंटेल भक्कम आहे, भिंतीचा भार पेलेल. गज कापून खालच्या विटा काढल्या की झालं दार."

"मॅडम, परवानगी?" कंपाउंडर चाचरला.

"मी देते!" म्हणत पहिला घाव सुनेनंच घातला. "हाण!" मी ओरडले. गुडघा गेला खड्ड्यात!

धूळ खाली बसायच्या आत माणसं आत. पोटुश्या बाया, खोकणारे आजोबा, चिल्लीपिल्ली. अगं बाई, कुठं होती एवढी गर्दी! मीही रांग लावायला लागले.

संध्याकाळी पुढं अध्यक्षसाहेबांची गाडी थांबली. मी गुपचूप पुढच्या दाराला आतून कडी घातली.

"दार उघडा! कुलूप लावायचंय."

"खुशाल लावा! आम्ही मागून ये-जा करतो. तुम्हीही या की, वळसा घालून."

बऱ्याच वेळानं साहेब आले. बूट चिखलात, तोंड लालबुंद, श्वास लागलेला. विटांच्या ढिगाशी येऊन टेकले. "केवढं... केवढं लांब पडतं हो!"

सगळी रांग खो-खो हसली. सुनेनं मात्र स्टूल पुढं केलं. "बसा, बीपी बघते. पण नंबर आल्यावर."

साहेब बसले. मधे कुणाला घुसू दिलं नाही मी, आणि ते घुसलेही नाहीत. नंबर येईपर्यंत हातातल्या कुलपाशी चाळा करत रांगेकडे बघत राहिले. मग कुलूप खिशात टाकलं आणि गवंड्याला विचारलं, "या दाराला चौकट कधी बसवतोस?"