अंगणातला पंखा

सूनबाई अंगणात छपराखाली शिलाईचं मशीन मांडून बसायची. गिऱ्हाइकं तिथंच माप द्यायला यायची आणि त्यांच्यासाठी तो उंच स्टँडचा पंखा घरघरत असायचा. ऊनपाऊस खाऊन त्याची पार रया गेली होती. एका बाईनं हसत हसत विचारलं, "हा वारा देतो की गंज?" सूनबाईच्या मनाला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी तिनं रंगाचा डबा आणला आणि कामाला पदर खोचला.

सकाळभर ती खरवडत होती. स्टँडवरच्या रंगाची सालपटं निघत होती. हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली आणखी कुठला तरी तपकिरी. शेवटी लोखंड उघडं पडलं. जाळी धुतली, पाती पुसली, फरशीवर पाणीच पाणी झालं. रंग लावण्याआधी पाती डुगडुगत तर नाहीत ना, हे बघावं म्हणून तिनं प्लग लावला. पंखा छान फिरला. तिनं खूश होऊन स्टँड जरा वळवायला हात लावला आणि कुणीतरी खांद्यापासून हात उपटून काढावा तशी ती मागं फेकली गेली.

पायात रबरी चपला होत्या म्हणून ती वाचली. भिंतीला टेकून ती नुसती बघत राहिली.

तेवढ्यात सासरे पाय धुऊन अनवाणीच बाहेर आले. ओल्या फरशीवरून चालत, करवादत म्हणाले, "पंखा चालू ठेवून कसली साफसफाई करतेस? अक्कल गहाण टाकलीस काय?" आणि बंद करायला त्यांनी पंख्याकडे हात नेला.

तिच्या घशातून आवाज निघेना. शेजारी झाडू होता. तिनं तो उचलला आणि लाकडी दांडा सगळ्या ताकदीनिशी त्यांच्या मनगटावर हाणला.

"अगं आई गं!" म्हणून ते मागं सरले. मनगट धरून तिच्याकडे बघत राहिले. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, लहान मुलासारखं. तिनं धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

ओरडा ऐकून नवरा धावत आला. "काय झालं?"

"हिनं मला मारलं," सासरे हळूच म्हणाले. त्यांचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास बसत नव्हता.

"तू? बाबांना?"

"करंट," ती कशीबशी म्हणाली. "पंख्यात करंट आहे."

नवऱ्याला ते पटेना. "रोज हाताळतो आपण तो पंखा. कालपर्यंत काही नव्हतं, आणि आज करंट?" तरी गल्लीतल्या वायरमनला त्यानं बोलावून आणलं. सगळ्यांना लांब उभं करून, पायाखाली कोरडी फळी घेऊन, वायरमननं बटण लावलं आणि उघड्या लोखंडाला टेस्टर टेकवला.

दिवा लख्ख पेटला.

वायरमननं प्लग काढला, स्टँडचं बूड उघडलं. आतली वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली गेली होती आणि तिची तांब्याची तार स्टँडला चिकटली होती. "किती दिवस असेल हे, देव जाणे," तो म्हणाला. "वर रंगाचे थर होते, तुमचे पाय कोरडे होते, म्हणून निभावलं. आजोबांनी आत्ता हात लावला असता तर..." पुढचं त्यानं गिळलं.

नवरा पायरीवर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासरे त्या ओल्या फरशीकडे बघत होते, मग आपल्या अनवाणी पायांकडे. मनगट टम्म सुजलं होतं.

"बाबा, फार लागलं का हो?" सूनबाईला रडू कोसळलं.

"लागलं की. सांगून मारायचं ना!" त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मग डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

वायरमननं नवी वायर घातली, तीन पिनांचा प्लग बसवला. टेस्टर चार ठिकाणी लावून दाखवला, तरी त्या आठवड्यात कुणी पंख्याच्या जवळ फिरकलं नाही. गिऱ्हाइकं घाम पुसत माप देत होती.

शेवटी सासऱ्यांनीच एका सकाळी प्लग काढून हातात घट्ट धरला आणि हाक मारली, "सूनबाई, ये. मी हा धरून बसतो, तू रंग लाव."

पहिला हात देताना तिनं ब्रश इतका लांबून धरला की निम्मा रंग फरशीवर सांडला. सासऱ्यांनी हातातला प्लग उंच करून तिला दाखवला.