वरच्या वाडीची फिरती पाटी

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त कधीकधी ते दुसऱ्याला मोजावं लागतं.

सेगावा बाईंना लिहिण्याची हौस होती. एप्रिलमध्ये बदली होऊन त्या कामिनोसेच्या शाळेत आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वर्गाचं वार्तापत्र काढलं. मेणकागदावर लोखंडी लेखणीनं अक्षरं कोरायची, रूळ फिरवून शाई फासायची, एकेक प्रत सोडवून वाळत घालायची. शाईनं बरबटलेली बोटं घेऊन त्या घरी जायच्या आणि त्यातही त्यांना सुख वाटायचं. वार्तापत्राचं नाव होतं 'दोन फळे', कारण वर्गात फळे दोनच होते, पुढच्या भिंतीवर चौथीचा आणि मागच्या भिंतीवर तिसरीचा. चौथीचे चौघे, तिसरीचे तिघे, खोली एक आणि बाई एक. चौथीला गणित घालून बाई मागे जायच्या, तिसरीला समजावून पुन्हा पुढे यायच्या. दिवसभरात एवढी ये-जा व्हायची की उन्हाळ्यातच त्यांच्या कापडी बुटांचे तळ झिजून गेले.

सत्र संपायला एक दिवस उरला होता. उद्या समारोप, प्रगतिपुस्तकं, मग ऑगस्टअखेरपर्यंत सुट्टी. सत्राचा शेवटचा अंक छापून तयार होता. त्यात तांदळाच्या वाफ्यातल्या बेडकांची बातमी होती, पोहण्याच्या तलावाची होती, आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, बाईंनी हे लिहिलं होतं:

'आमच्या वर्गात एक घुबड होतं. चौथीतल्या तोमोएची मान सदा मागे वळलेली! जूनमध्ये वर्गाच्या मधोमध पडदा लावला आणि काय सांगू, घुबडाची मान सरळ झाली. सुट्टीत ती पुन्हा वळू नये, एवढीच घरच्यांना विनंती.'

कोरताना बाई स्वतःशीच हसल्या होत्या. कुसाका हेडमास्तरही वाचून हसले होते. आपल्या विनोदाला वरिष्ठ हसले की माणसाला तो विनोद पुन्हा तपासावासा वाटत नाही.

दुपारी चौथीचे घरी गेले होते, तिसरीची मुलं वर्ग पुसत होती आणि बाई तिसरीच्या गणिताच्या वह्या तपासून संपवत होत्या. रुरिकोची वही नेहमीसारखी नीटस होती. मिटताना ती हातातून निसटली आणि मागच्या बाजूनं उघडली.

मागून पुढे अशी दुसरीच वही सुरू झाली होती. तोच भागाकार, तीच उदाहरणं, पण अक्षर रुरिकोचं नव्हतं. तेवीस चेस्टनट चौघांत वाटले, प्रत्येकाला पाच. शेजारी लाल पेन्सिलीनं रुरिकोच्या अक्षरात लिहिलं होतं, 'उरलेले कुठे गेले?' खाली तेच गणित पुन्हा, प्रत्येकाला पाच, उरले तीन, आणि त्याभोवती लाल गोल. पुढच्या पानांवर गोल वाढत गेले होते. शेवटच्या पानावर तर गोलाला पाकळ्या काढल्या होत्या, बाई काढायच्या तशाच.

पाचाचा आकडा ओळखीचा होता. डोक्यावरची रेघ उडून गेलेला तो पाच बाई रोज चौथीच्या वह्यांत पाहत होत्या. पहिल्या पानावर तारीख होती अकरा जून. पडदा लावला होता दहाला.

"रुरिको, इकडे ये गं."

रुरिको ओलं फडकं हातात घेऊनच आली. वही पाहिली आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"हे तोमोएनं सोडवलंय ना?"

"सांगू नको म्हणाली होती."

"तू कुठे सांगितलंस? मीच ओळखलं. पण चौथीतली मुलगी तिसरीचं गणित का करतेय?"

"मागच्या वर्षी ती नव्हतीच ना, बाई. दवाखान्यात होती. मे महिन्यात गेली ती भातकापणीलाच आली. पाय सुजायचे तिचे. मीठसुद्धा बंद होतं." रुरिकोनं फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "म्हणून ती मागचा फळा बघायची. मग तो दिसेना झाला, तर मी वही देते म्हटलं. चपलांच्या कप्प्यात ठेवते."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्हीच तर पडदा लावलात," रुरिको म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आज बुधवार आहे असं सांगावं तसं ती सांगत होती.

एकशे तीन दिवस गैरहजर. ती नोंद त्यांनी एप्रिलमध्ये स्वतः वाचली होती. बिच्चारी, असं म्हणून फाइल मिटली होती. जी मुलगी बुडालेलं वर्ष मान मोडून परत मिळवत होती, तिच्या तोंडासमोर आपण पडदा ओढला, आणि वर तिला घुबड म्हणून छापलं!

त्या तशाच कचेरीत धावल्या. मुलांच्या प्रती कपाटात जशाच्या तशा होत्या.

"वाड्यांच्या पाट्यांवरच्या प्रती कुठे आहेत, सर?"

"आहेत की इथेच. सोमवारी जातील," हेडमास्तर म्हणाले. "वरच्या वाडीची तेवढी सकाळी गेली. वाडीप्रमुख आले होते, त्यांच्याच हाती दिली. का हो?"

बाईंनी सगळं सांगितलं. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"हसलो मीही," ते म्हणाले. "तीन वर्षं मी इथे आहे, मला तरी कळायला हवं होतं. बाकीच्या प्रती थांबवू, पण पाटी एकदा निघाली की निघाली. पुढच्या अंकात लिहा काहीतरी चांगलं."

"पुढचा अंक सप्टेंबरात, सर. तोवर उन्हाळाभर ती घुबड."

पाटीची रीत अशी होती. सूचना आणि वार्तापत्र लावलेली ती लाकडी पाटी वाडीप्रमुखाच्या घरून निघायची, वाचणाऱ्या घरानं कोपऱ्यात आपला शिक्का उठवायचा आणि पाटी शेजारी नेऊन द्यायची. वरच्या वाडीत घरं बारा, त्यांतलं एक रुरिकोचं. शेवटचं घर उराबेंचं, म्हणजे तोमोएचं. एरवी पाटीला वर पोहोचायला तीन-चार दिवस लागायचे. त्या हिशेबानं अजून वेळ होता. बाई छत्री न घेताच उन्हात निघाल्या.

पहिल्या घरी इशिए मावशी ओसरीवर शेंगा निवडत होत्या.

"पाटी? गेली की केव्हाच! अहो, काय लिहिता हो बाई तुम्ही! आमचे हे तर घुबडावर पोट धरून हसले. रसायन फवारणीची सूचना असती तर आठवडाभर लोळली असती इथेच. हे वाचलं आणि लगेच पळत देऊन आले."

बाईंनी हसण्याचा प्रयत्न केला. करायला गेलं एक आणि झालं भलतंच. चौथ्या घरी पाटी दोन घरं पुढे होती, सातव्या घरी तीन घरं पुढे. चहाच्या मळ्यातून कुणीतरी हाक मारली, "बाई, आमच्या नातीचंही काढा हो एखादं नाव! माकड चालेल!" आपल्या लेखणीचं एवढं कौतुक बाईंच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं, आणि प्रत्येक कौतुकासरशी त्यांना वाटेतल्या ओहोळात उडी घ्यावीशी वाटत होती.

अकराव्या घरची सून दारातच भेटली. "अय्या, आत्ता सासूबाई देऊन आल्या. दमलात किती! पाणी तरी घ्या."

पाणी न घेताच बाई शेवटचा चढ चढल्या.

उराबेंच्या अंगणात अळंबी पिकवायचे ओंडके सावलीला रचून ठेवले होते. तोमोएचे वडील पायरीवर बसले होते, पाटी मांडीवर, चष्मा नाकावर. आई मागे उभी राहून खांद्यावरून वाचत होती. तोमोए पाण्याच्या दगडी कुंडात काकड्या बुडवत होती. तिनं बाईंना पाहिलं आणि काकड्यांकडेच बघत राहिली.

"अरे, बाई स्वतः!" वडील उठले, वाकून नमस्कार केला. "पोरीचं नाव छापून आलं. आमच्या घरात आजवर कुणाचं आलं नव्हतं. फार त्रास दिला म्हणायचा हिनं. आता मान सरळ झाली ना? बरं झालं. मी रोज बजावतो तिला, आजाराचं तुणतुणं वाजवायचं नाही, बाईंना त्रास द्यायचा नाही."

पाटीच्या कोपऱ्यात बारा लाल शिक्के होते. बारावा अजून ओला होता.

"हे चुकीचं आहे," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "मी चुकीचं लिहिलंय, उराबेसान. मी ते परत न्यायला आलेय."

"चुकीचं? वळायची नाही ही मागे?"

"वळायची. पण..."

तोमोएनं मान वर केली. बाईंनी तिचे डोळे पाहिले आणि त्या थांबल्या. त्या डोळ्यांत राग नव्हता. नका सांगू, एवढंच होतं.

"आम्ही दोघी जरा बोलू का?" बाईंनी विचारलं.

आईनं वडिलांची बाही ओढून त्यांना आत नेलं. बाई कुंडाच्या काठावर बसल्या.

"रुरिकोची वही पाहिली मी."

तोमोएनं एक काकडी पाण्याखाली दाबून धरली. सोडली की ती वर यायची.

"मला का नाही विचारलंस गं? मी शिकवलं असतं."

"तुम्ही तासाला अर्ध्याच आमच्या असता, बाई," तोमोए म्हणाली. "अर्ध्या तिसरीच्या. मी माझं विचारलं असतं तर त्यातला आणखी थोडा तास गेला असता. मागच्या फळ्यावर तुम्ही तेच शिकवत होता, तेव्हा म्हटलं, तिथूनच घेऊ. कुणाचं काही जाणार नाही."

सेगावा बाईंना वाटलं, आपण आत्ता इथे रडलो तर हिलाच आपली समजूत घालावी लागेल. त्यांनी कुंडातलं पाणी तोंडावर मारलं.

"मी खरं काय ते लिहिते. त्याच कागदावर, आत्ताच. तू किती कष्ट घेतलेस, ते सगळ्यांना कळू दे."

"नको!" ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "भागाकार येत नव्हता हे लिहू नका, बाई. घुबड चालेल. घुबडच राहू दे."

बाईंना कळून चुकलं. आपली चूक निस्तरण्यासाठी त्या या मुलीची झाकलेली मूठ उघडायला निघाल्या होत्या. पुन्हा तिला न विचारताच.

"मग ते घुबड खोडून तरी टाकते."

"खोडलं की सगळे उजेडासमोर धरून वाचतील. इशिए मावशी तर नक्कीच."

ते मात्र खरं होतं. बाईंना हसू आलं, आणि तोमोएलाही थोडंसं आलं. मग बाईंनी घरातून दौत मागून घेतली, पाटी गुडघ्यावर ठेवली आणि घुबडाच्या खाली उरलेल्या बोटभर जागेत लिहायला घेतलं. आयुष्यात एवढा मजकूर लिहिला, पण चार ओळींना एवढा वेळ कधी लागला नव्हता. लिहून झाल्यावर त्यांनी कागद आधी तोमोएपुढे धरला.

'चूक दुरुस्ती. वर्गातला पडदा ही शिक्षिकेची चूक होती. कोण कुठे आणि का पाहतं, हे तिनं विचारलं नाही. पडदा आज काढला. सप्टेंबरपासून ज्याला जो फळा पाहायचा असेल त्यानं तो पाहावा, शिक्षिकेनंही. सेगावा.'

तोमोएनं ओठ हलवत दोनदा वाचलं. आपलं नाव कुठे आहे का ते पाहिलं. नव्हतं.

"पण पडदा आज कुठे काढलात?"

"जाताना काढते. उद्या सकाळी येऊन बघ."

वडील दारात आले होते. त्यांनीही वाचलं. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण ते लेकीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पाटी उलटी कधी फिरत नाही, बाई. वरून खाली न्यायची रीत नाही आपल्यात."

"मी नेते. घरोघरी, माझ्या हातानं."

"लोक हसतील."

"सकाळपासून हसतातच आहेत. आता जरा माझ्यावर हसू देत."

वडिलांनी मान हलवली, ते हो की नाही ते कळलं नाही. तोमोए मात्र आत गेली आणि घरचा शिक्का घेऊन आली. त्याच्यावर तिनं हा करून फुंकर मारली आणि बाईंच्या सहीच्या शेजारी तो नीट, सरळ दाबला.

मग तिनं पाय पुसले, चपला घातल्या.

"मी येते. उरली अकरा घरं, आणि आपण दोघी," ती म्हणाली. पायवाटेकडे बघत तिनं बोटांवर हिशेब केला. "तुम्ही पाच घरी बोलायचं, मी पाच घरी. उरलं एक."

"उरलेलं कुठे गेलं?" बाईंनी विचारलं.

"ते रुरिकोचं. तिथे दोघींनी."